नाचणीचा गोळा

लढाईमुळे धान्य मिळेनासं झालं होतं. टोकावड्याच्या चढावर लाकडाच्या ठेकेदाराची जुनी मोटार वाफा सोडत थांबली. रेडिएटरला भेग पडली होती. ‘पीठ मळून भेग बुजव,’ ठेकेदाराने ड्रायव्हर कुंडलिकला सांगितलं आणि वाटेने चाललेल्या गुणाबाईच्या डोक्यावरचं पिठाचं गाठोडं ओढून घेतलं. ‘शेट, लेक बाळंत झालीय. तिच्यापुरतीच नाचणी हाय,’ ती म्हणाली. ‘मूठभर पिठासाठी मरत नाही ती.’ कुंडलिकने मान खाली घालून गोळा मळला आणि भेगेत दाबला. इंजिन तापताच गोळा फुटून ठेकेदाराच्या बुटावर उडाला. त्याने बूट गाठोड्याच्या फडक्यालाच पुसला. ‘दुसरा मळ.’ उरलेलं पीठ बांधून कुंडलिकने गाठोडं खांद्यावर घेतलं. ‘मावशे, चल.’ मागून हॉर्न वाजू लागला. ‘नोकरी जाईल रे तुजी,’ गुणाबाई म्हणाली. ‘गेली,’ तो म्हणाला आणि चालत राहिला.