कड्यांसकट दुर्बीण

"स्वस्तातली दाखवा," मार्लिस म्हणाली. "सगळे पैसे रायफलीतच गेले."

दुकानदार बर्लने काउंटरवर रायफलीवर बसवायच्या तीन दुर्बिणी मांडल्या. सगळ्यात स्वस्त तिच्यापुढे सरकवली.

शेजारी लेलंड कोपर टेकून उभा होता. मार्लिस जाईल तिथे जायला तो एका पायावर तयार असे. तिच्या नवऱ्याला, डेलला, जाऊन वर्ष होत आलं होतं. गेल्या हंगामात दिवेलागणीला ओढ्याकाठी कुणीतरी हरीण समजून त्याला गोळी घातली आणि पळ काढला. गोळी सापडली, रायफल नाही. शेरीफने अख्ख्या तालुक्यातल्या रायफली तपासल्या आणि हात टेकले.

डेलच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत लेलंड होता. पुढे मार्लिसचं कुंपण, छप्पर, सरपण, सगळं तोच बघू लागला. उन्हाळ्यात त्याने धीर करून लग्नाचं विचारलं.

"माझी स्वतःची रायफल होऊ दे," ती म्हणाली होती. "तिची पहिली गोळी मारली की उत्तर देते."

लेलंडला अट गमतीची वाटली होती. आता मात्र त्याला त्या उत्तराशिवाय काही सुचत नव्हतं.

"सबंध रायफल का नाही घेतलीस पोरी?" बर्लने विचारलं. "हे म्हणजे गोधडी शिवल्यासारखं झालं."

"तुकडे तुकडे घेतले की परवडतं."

"तेही खरंच. लाकडी दस्ता काय, गोळी भरायचा बोल्ट काय, कुठल्याही राज्यातून पोस्टाने घरपोच येतात, बियाणं आल्यासारखे. नंबरवाला सांगाडा तेवढा माझ्याकडून न्यावा लागतो, नाव तपासून. तुझा आलाय, नळीसकट. आत बांधून ठेवलाय."

मार्लिसने दुर्बीण डोळ्याला लावली आणि दाराकडे वळवली. बाहेर कुणीतरी चाललं होतं. बर्लने हाताने ती खाली केली.

"माणसावर रोखायची नाही. नुसती दुर्बीण असली तरी नाही."

तिने ती समोरच्या पाटीवर धरली. "अंधुक दिसतंय."

"स्वस्तातली काच. हिच्यातून संध्याकाळी गाय आणि बायको सारखीच दिसते."

बोलून गेल्यावर बर्लने जीभ चावली. मार्लिसने दुर्बीण हळूच खाली ठेवली.

"मला संध्याकाळी नीट दिसायला हवं," ती म्हणाली. "पण महागातली नाही परवडत."

तिच्यासाठी काहीतरी करावं असं लेलंडला फार मनापासून वाटलं.

"माझ्याकडे एक पडून आहे," तो म्हणाला. "जर्मन काच आहे, रायफलीवर बसवायच्या कड्यांसकट. गेल्या हिवाळ्यात मी रायफल बदलली ना, तेव्हापासून लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवलीये. चांगली काच टाकवत नाही बघ."

"तुला लागणार नाही?"

"तुझ्यापेक्षा जास्त नाही."

"फुकट मिळतेय तर घे," बर्ल म्हणाला. "पण दुर्बीण म्हणजे नवी नवरी. नव्या घरी रुळायला वेळ लागतो. पहिली गोळी कागदाला लागली तरी नशीब समजायचं. अर्धी पेटी उडवशील तेव्हा नेम जुळेल. आपल्या जुन्या रायफलीवर परत बसवली, तर गोष्ट वेगळी. कड्या खाचेत बसल्या की पहिलीच गोळी मधोमध. लेक माहेरी आल्यासारखी."

मार्लिस हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून लेलंडही हसला.

शनिवारी सकाळी गावाबाहेर खडीच्या खाणीत ते भेटले. वारा नव्हता. गवतावर हिव पडलं होतं. बर्लही आपली तिपाईवरची मोठी दुर्बीण घेऊन आला होता. लेलंडने खाणीच्या भिंतीशी कागद लावला.

मार्लिसने रायफल काढली. नळीपासून दस्त्यापर्यंत सगळीला तिने शेवाळी रंग फासला होता.

"चकाकू नये म्हणून," ती म्हणाली.

शिकारी असं करतात. लेलंडने मोज्यातून दुर्बीण काढून दिली. कड्या खाचांत बसल्या आणि कळ दाबताच घट्ट झाल्या. कुठे घासावं लागलं नाही की हलवावं लागलं नाही.

"छान बसली," बर्ल म्हणाला.

"सांगाडा कुठून आला म्हणालीस?" लेलंडने विचारलं.

"आयडाहोहून. तिथल्या बंदुकांच्या प्रदर्शनात कुणीतरी विकला होता."

"आणि दस्ता?"

"वायोमिंगचा. बोल्ट नॉर्थ डकोटातून. शोधायला सगळा उन्हाळा गेला माझा."

लेलंडच्या मानेवरून गार काहीतरी सरकलं. थंडीच तशी होती. त्याने कॉलर वर केली.

तिने बोल्ट मागे ओढला. अर्ध्यावर तो किंचित अडला, खर्र वाजला, मग सुटला. लेलंडने तो आवाज ऐकला आणि त्याचे हात खिशात गेले. लेलंड दस्त्याकडे बघत राहिला. टाचेपाशी, रंगाखाली, एक खोक होती. कुऱ्हाडीची असावी. खोक काय, कुठल्याही दस्त्याला पडते.

"थांब," तो म्हणाला. "वारा येऊ दे... म्हणजे, जाऊ दे."

"वारा कुठंय?" बर्ल म्हणाला.

मार्लिस पोत्यावर रायफल टेकवून पालथी झोपली. तिने श्वास अर्धा सोडला. गोळीचा आवाज खाणीच्या भिंतींवर आपटून परत आला. मग फार शांत झालं.

लेलंडने स्वतःची छोटी दुर्बीण डोळ्याला लावली. कागद पांढराशुभ्र होता. काळ्या ठिपक्याच्या बरोब्बर मधोमध एकच भोक होतं.

"डावीकडे गेली," लेलंड म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "कागदालाच लागली नाही. अर्धी पेटी जाणार असं बर्ल म्हणालाच होता. पुढची भर."

बर्ल आपल्या दुर्बिणीतून बघत होता. त्याने डोळा काढला, उठला आणि लेलंडच्या पिकअपच्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

मार्लिसने वळून पाहिलंही नाही.

"पुढची नाहीये, लेलंड," ती म्हणाली. "मी एकच आणली होती."