वाटणीची हवा

गायीच्या पोटातले जिवाणू फळांच्या सालीतलं पेक्टिन, म्हणजे पेशीला पेशी चिकटवून ठेवणारा डिंक, कसं तोडतात हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. ते तोडणाऱ्या एन्झाइमची घडी न् घडी, खाच न् खाच तिला पाठ होती. जिवाणू मात्र मुलखाचे नाजूक. हवा लागली की मेलेच. म्हणून प्रयोगशाळेत ती दिवसभर बाटल्यांमधली हवा काढत बसायची.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा खाटेवरच्या वडिलांनी नाकातली ऑक्सिजनची नळी सरळ करत विचारलं, "काय म्हणतात तुझी पोरं?"

"आज एका बाटलीचं बूच सैल राहिलं, बाबा. हवा शिरली आणि सगळी गेली."

"हवेनं गेली? मग त्यांच्या वाटणीची मला आणत जा की!" ते हसले आणि हसता हसताच त्यांना धाप लागली. "ही जरा वाढव गं... पुरत नाहीये."

ती लगबगीनं सिलिंडरपाशी वाकली.


चावी शेवटपर्यंत उघडलेलीच होती, तिच्यावर नुसताच हात ठेवून ती म्हणाली, "वाढवली हं, बाबा."