कपच्यांची ओळ

"ह्यातली तुमची भिंत कुठली?" तेओदोसियाने नवऱ्याला विचारले.

समुद्राकाठच्या ह्या उद्यानात, मायांच्या जुन्या देवळांवर, हिलारियो कान्चेने एकेचाळीस वर्षे गवंडीकाम केले. बायकोला दाखवायला मात्र त्याने कामाला रामराम ठोकल्यावर आणले. छाती काढून तो पुढे चालला होता.

छोट्या देवळापाशी ओल्या अंगाचे पर्यटक जमले होते. तरणा गाईड भिंतीवर बोट फिरवत होता. "सांध्यात ही बारीक कपच्यांची ओळ दिसते ना? तिच्या वर आजच्या गवंड्यांची डागडुजी. खाली सातशे वर्षांपूर्वीचं अस्सल काम. हा कोपरा बघा. सांध्यात नखसुद्धा जात नाही. असे हात आता राहिले नाहीत."

हिलारियोचे कान लाल झाले. तेओदोसिया त्या कानांना चांगली ओळखून होती.

"खालचाही तुमचाच?" ती कुजबुजली.

"कोपऱ्यापुरता. वादळात ढासळला होता. मी बसवला आणि कपच्या लावायच्या राहिल्या."

"राहिल्या?"

"नाही लावल्या. इतका झकास बसला होता, मन होईना."

"मग सांगा की त्याला."

"सांगितलं तर उकलून पुन्हा बसवतील. नव्या कामाला कपच्यांची खूण हवीच, असा नियम आहे."

पोटात गोष्ट ठेवणे तेओदोसियाला कधी जमले नव्हते. ती सरळ गाईडसमोर जाऊन उभी राहिली.

"काय रे, असे हात आता राहिले नाहीत, हे तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकातच आहे, बाई."

तिने कोपऱ्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"मग असेल बाबा," ती म्हणाली आणि मागे वळली.

फाटकाबाहेरच्या झाडाखाली तिने डबा उघडला. त्याच्या वाट्याला घेवडा भरून तळलेला एक पानुचो जास्त ठेवला.

"आपल्या चुलीमागची भिंत दहा वर्षं कललीय. सोमवारी काढा कामाला."

"काढतो."

"आणि तिथे कपच्या लावा. काम कुणाचं आहे, ते कळू दे लोकांना."