सुपाचा वारा

भूमिका पेणच्या घरातून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या हेल्पलाइनसाठी ऑनलाइन मुलाखत देत होती आणि तिचाच कॉम्प्युटर गोगलगाईसारखा चालला होता. सकाळपासून तिने नको ते प्रोग्रॅम बंद केले, फायली उडवल्या, झाकण काढून धूळ झटकली. शेवटी कळलं, आतला पंखाच बंद पडलाय, म्हणून मशीन तापतंय. टेबलफॅन लावला तर त्याचा आवाज माइकमध्ये घुसत होता, म्हणून आई गोदूबाई खाली बसून मशीनला सुपाने वारा घालू लागली. एवढ्यात मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, “ग्राहकाचा कॉम्प्युटर स्लो झाला, तर काय सांगाल?” स्क्रीन पुन्हा अडकली. भूमिका जाम वैतागली. चित्र हलताच तिने कॅमेराच आईकडे वळवला. “सर, सगळं करून झालं. आता हे चाललंय!” साहेब खो-खो हसत म्हणाले, “सोमवारपासून या.” गोदूबाई म्हणाली, “झालं काय गो? हात भरून आला.” “थांबू नको आये, पगार सांगतायत!”