आवाजाचं बटण

पुन्हा त्याच रांगेत शिरताना जुमाशनं पायातल्या बुटांकडे बघितल्यासारखं केलं. हिवाळ्यासाठी बूट घ्यायचे म्हणून तो बायकोला, सोनुनबूला, घेऊन बिश्केकच्या रविवारच्या जुन्या बाजारात आला होता. बुटांची रांग पार पलीकडे होती, आणि पाय काही तिकडे वळायला तयार नव्हते.

इथे नळाच्या तोट्या आणि गंजक्या किल्ल्यांच्या ढिगाशेजारी, एका सतरंजीवर, त्याचा टेपरेकॉर्डर बसला होता. मोठ्या रिळांचा, कोपऱ्यावर गरम किटली टेकवल्याचा काळा डाग असलेला. तो डाग जुमाशनंच पाडलेला, आणि त्यावरून घरात चांगला दोन दिवस अबोला झालेला. आवाजाच्या बटणाच्या जागी मात्र कुणीतरी बाटलीचं लाल बूच बसवलं होतं. बटण असणार कुठून? ते त्याच्या घरी होतं, कढईच्या झाकणावर.

एका वाईट हिवाळ्यात घरातलं पीठ संपलं तेव्हा हा टेप विकावा लागला होता. गिऱ्हाईक तो उचलून दाराबाहेर पडणार, एवढ्यात सोनुनबूनं पुढे होऊन बटण उपटून घेतलं. "घोडा विकला म्हणून दावं देतं का कुणी? दाव्यामागं घरातली बरकत निघून जाते." गिऱ्हाईक भडकलं. जुमाशला मात्र हसू आवरेना. तेव्हापासून जेवायच्या वेळी ते बटण धरून झाकण उचलायचं आणि उचलण्याआधी उगीच थोडं पिळून बघायचं, ही सवय त्याला लागली ती लागलीच.

"परत इथंच?" सोनुनबू मागून आली. "इतके फेरे तर तुम्ही माझ्या बापाच्या दारातही घातले नव्हते, म्हातारबा."

"बघतोय नुसता. घेतोय कोण?"

घ्यायचा तर होताच. पण घ्यायची भीतीही वाटत होती. गेली एक-दोन वर्षं लोक पुटपुटायला लागले होते. टीव्हीवरचे, बसमधले, घरातली नातवंडंसुद्धा. सगळ्या जगानं एकदम पुटपुटायला का लागावं, याचा विचार त्यानं मुद्दामच केला नव्हता आणि कुणाजवळ बोललाही नव्हता. आता टेप घरी नेला आणि तोही पुटपुटला, तर काय करायचं?

"लावून दाखवू का, अक्सकाल?" त्याच्या पांढऱ्या दाढीचा मान राखत मालवाल्यानं विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यानं चहावाल्याकडून ओढून आणलेल्या वायरीला टेप जोडला. रिळं फिरायला लागली.

जुमाश वाकला. धप्, धप्, धप्. मधेच कुठेतरी गोधडीत तोंड खुपसून कुणी गात असल्यासारखं वाटलं, मग तेही गेलं. त्यानं डावा कान पुढे केला, मग उजवा.

"वरचा आवाज गेलाय," तो म्हणाला. "बाई गातेय का रडतेय, काही कळत नाही. हेड घासलंय याचं."

"हेड घासलंय? अहो, काल स्वतःच्या हातानं साफ केलंय! खणखणीत वाजतोय. कान दाखवून घ्या, अक्सकाल, कान!"

जुमाशचं तोंड एवढंसं झालं. त्यानं बायकोकडे बघितलं. सोनुनबूनं मान कलती करून ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि मग मालवाल्यावर डाफरली.

"कसला खणखणीत? फाटका आवाज आहे नुसता. म्हाताऱ्या माणसांना फसवतोस होय रे? चला हो, बूट बघू."

तिनं पिशवी उचलली, पण टेप चालूच होता. जुमाशची नजर पिशवीच्या बंदावरच्या तिच्या बोटांवर गेली. बोटं ठेका धरत होती, आणि त्या धप् धपवर नाही. मधल्या जागेत, हलकी, भराभर, थांबत, पुन्हा उचल घेत. जिथे त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, बरोबर तिथे.

त्याला आधी लाज वाटली. मग राग आला, कारण हिला हे कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे. आणि मग एकदम अंगावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं हलकं वाटलं.

"बांधून दे," तो मालवाल्याला म्हणाला.

"आणि बूट?" सोनुनबू दचकली. "म्हातारबा, आवाज फाटलाय म्हटलं ना मी?"

"ऐकलं. जुन्या बुटांवर निघेल एवढा हिवाळा. मी रिळं फिरताना बघत बसेन. ऐकायला तू आहेसच."

पिशवीवरची तिची बोटं थांबली.

मालवाल्यानं पैसे खिशात घातले, टेप जुन्या घोंगडीत गुंडाळला, दोरी आवळली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्यानं घोंगडीत हात घातला, लाल बूच उपटून काढलं आणि आपल्या टोपीत टाकलं.

"राग मानू नका, अक्सकाल. दावं देत नसतो आम्ही."

सोनुनबू खळखळून हसली, डोळे पुसेपर्यंत हसली. मग तिनं जुमाशची बाही धरून त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती जे ओरडली, त्यानं आजूबाजूच्या दुकानांवरची माणसं वळून बघायला लागली.

"घरी गेल्याबरोबर झाकणावरचं बटण काढा! लावा याला, आणि पार शेवटपर्यंत पिळा! शेजारी भांडायला आले तर येऊ देत!"

जुमाशला शब्द न् शब्द ऐकू आला.