तिसरी नोटीस

“शेगडी आत घे आधी,” दोकसू दबक्या आवाजात म्हणाला. “सहा वाजत आले. तो टोपीवाला कुठूनही उगवेल.”

त्याच्या बायकोने, सुनिमने, गाडीच्या दाराबाहेर, उघड्यावरच शेगडी मांडली होती. आत वाफ कोंडते, असं तिचं म्हणणं. दोकसूने शेवाळाच्या सुपाचं भांडं उचललं, तिने शेगडी उचलली. दार लागलं, पडदे ओढले गेले. दोघं घडीच्या टेबलाशी बसली, तशी नेहमीप्रमाणे गुडघ्याला गुडघा लागला. काचा वाफेने आंधळ्या झाल्या.

सोलमेच्या किनाऱ्यावरच्या वाहनतळात गाडी उभी करायला कुणाची ना नव्हती, मुक्काम करायला होती. चाकं जमिनीवर आणि दार लागलेलं असलं, तर ती नुसती उभी गाडी. बाहेर खुर्ची टाकली, दोरी बांधली किंवा चूल पेटवली, की तो मुक्काम. एकाच गाडीला तिसरी नोटीस लागली, तर जिल्ह्यातल्या कुठल्याही किनाऱ्यावर तिने पुन्हा उभं राहायचं नाही, असा जिल्हा कार्यालयाचा नियम होता. दोकसूच्या कॅम्पर गाडीला दोन लागल्या होत्या.

पहिली लागली सुनिमने बाहेर दोरी बांधून पांघरुणं वाळत घातली तेव्हा. दुसरी, ती खुर्ची टाकून बांगडे साफ करत बसली तेव्हा. दोन्ही वेळा कुणीतरी फोटोसकट तक्रार केली होती. हल्ली त्यासाठी उंबरठाही ओलांडावा लागत नाही. फोनवर दोन बोटं फिरवली की काम झालं.

दोकसूचा संशय समोरच्या मासळीच्या हॉटेलातल्या गुकबाईवर होता. गिऱ्हाइकांची जागा अडते म्हणून ती जळते, असा त्याचा हिशेब. त्याने तिच्याकडे जेवणं सोडलं होतं. तिच्या कुत्र्याशीही बोलणं टाकलं होतं.

“ती तशी बाई नाही हो,” सुनिम म्हणायची.

“तुला काय, सगळं जग भलंच दिसतं.”

दोकसूने सेऊलमध्ये एकतीस वर्षं बस चालवली. दुसऱ्याने घंटी दाबली की थांबायचं, असा जन्म गेला. निवृत्त झाला आणि घर विकून त्याने ही गाडी घेतली. आता मनाला येईल तिथे थांबणार, म्हणायचा. भेटेल त्याला सांगायचा, ही हौस हिचीच बरं का; समुद्र बघत म्हातारं व्हावं, असं हीच म्हणाली. सुनिम मान डोलवायची. ती तसं म्हणाली होती खरी. निवृत्तीच्या त्या दिवशी त्याचा चेहरा फार पडला होता.

त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

“तिसरी लागली तर संपलं बघ,” सूप ओरपत दोकसू म्हणाला. “या वयात दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन किनाऱ्यामागून किनारे धुंडाळणं माझ्याच्याने होणार नाही. गाडी विकायची, वॉनजूला मुलीच्या शेजारी खोली घ्यायची आणि भिंतींकडे बघत बसायचं.”

सुनिमने पडदा जरा सरकवून बाहीने काच पुसली आणि रस्त्याकडे पाहिलं. आज तो टोपीवाला येईल का, एवढंच तिच्या मनात होतं.

“घाबरू नकोस,” दोकसूने तिचा हात थोपटला. “मी आहे ना.”

जिल्हा कार्यालयाची निळी मोटार वाहनतळात वळली, तेव्हा तिने चमचा खाली ठेवला. ह्यॉन नावाचा तो तरुण अधिकारी टोपी सारखी करत उतरला. दोकसू लगबगीने बाहेर गेला आणि त्याच्यामागे लागला. बघा साहेब, खुर्ची नाही, दोरी नाही, राखेचा कणसुद्धा नाही. आम्ही आपले समुद्र बघत बसलोय, त्याला तरी बंदी नाही ना. ह्यॉनने गाडीला पुरता वळसा घातला, खाली वाकून पाहिलं, वहीत काही टिपलं.

“काका, कालही तुमच्या गाडीची तक्रार आली होती,” तो म्हणाला.

दोकसूचं तोंड उतरलं. “मग?”

“पुरावा पुरेसा नव्हता. नोटीस निघाली नाही. आज तर बाहेर काहीच नाही. बसा निवांत.”

दोकसू आत आला तो नाचतच. बुडालो होतो, वाचलो, म्हणाला. गुकबाईला आज झोप लागायची नाही, म्हणाला. सुनिम ओंजळीत तोंड लपवून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

“अगं वेडे, आता रडतेस कशाला? सुटलो आपण,” असं म्हणून त्याने पाण्याचा कॅन उचलला आणि शीळ घालत नळाकडे निघाला. नळ होता वाहनतळाच्या पार त्या टोकाला.

ह्यॉन अजून गेला नव्हता. दोकसूची पाठ लांब गेलेली पाहून तो खिडकीशी आला आणि त्याने काचेवर हलकेच टकटक केलं. सुनिमने डोळे पुसून काच सरकवली.

“काकू,” तो कुजबुजला, “तुमच्या कालच्या फोटोत गाडीचा नंबर येत नाही. उद्या जरा मागच्या बाजूने काढून पाठवा.”