जीपचा कल
सैन्यातून लिलावात आलेली, डावीकडे सुकाणू असलेली अमेरिकी जीप सपाट जमिनीवरही डावीकडे एक इंच कलत असे. सेमाडोहचा नाला पावसाळ्यातही ओलांडता यावा म्हणून वनाधिकारी हरिहर ती परतवाड्यात उंच करून घेत होते. नाल्यापलीकडे अडकून पडणार नसेल तरच पत्नी अमरावतीहून राहायला येणार होती. "चार इंच वाढवा," ते म्हणाले. खुशालराव मिस्त्री हसले. "नाला पार होईन, सायेब, पन घाटात पलटी खाईन. बाईसायेबाले आनाचं हाये का पाडाचं?" दोन इंच ठरले. उंची वाढली, कल मात्र राहिला. हरिहरांनी चाकांतली हवा मोजली, आसनाखालची पेट्रोलची टाकी रिकामी केली, सांगाडा तपासला. दोष सापडला नाही. शेवटी त्यांनी जीप घेताना नवे बसवलेले स्प्रिंगांचे पाटे उतरवून शेजारीशेजारी ठेवले. डावीकडचे, चालकाच्या आसनाखालचे, दबले होते. उजवीकडचे अजून नव्यासारखेच होते. इतक्या वर्षांत तिकडे कोणी बसलेच नव्हते.